माळकरणीचं मांजर

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळी साडेनऊ. तपासणीचे चारशे, इंजेक्शन आणि पोटाच्या औषधाचे तीनशे वीस, मिळून सातशे वीस रुपये. हजर मी, माझे सासरे, आणि झाकणाच्या टोपलीत आमचं मांजर. कारखान्याला सोमवारी सुट्टी असते म्हणून मला जाता आलं. आणि सोमवार होता म्हणूनच पंचाईतही झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी, श्रावणी सोमवारचा उपास धरलेल्या दोन माणसांसमोर, कागदावर पहिली ओळ लिहिली ती अशी: उकडलेली कोंबडी, बिनहाडाची, मीठ-हळद-कांदा-लसूण काही न घालता, दिवसातून चार वेळा, थोडी थोडी.

दुसरी ओळ: दूध पूर्ण बंद.

"दूध बंद?" मामंजी म्हणाले. सासऱ्यांना आमच्याकडे मामंजी म्हणतात. "कोल्हापुरात ऱ्हाऊन दूध बंद? अहो डॉक्टर, हितं म्हशीच्या धारंखाली पेला धरून पोरं वाढल्यात."

"पोरं वाढूद्यात की, आजोबा. मांजराचं सांगालोय मी. मोठ्या मांजराला दूध सोसतंयच असं न्हाई. त्यात म्हशीचं, वर भाकरी. आतड्याला सूज हाय."

"सात वर्षं खातंय ते."

"आणि सात वर्षं मधनं मधनं ओकत असंल. व्हय का न्हाई?"

मामंजी माझ्याकडे बघायला लागले. मी व्हय म्हणाले. ओकायचं ते. आम्ही म्हणायचो, केस गिळले असतील, गवत खाल्लं असेल.

"आधी पोट शांत होऊद्यात," डॉक्टर म्हणाले. "चार आठवडे कोंबडी, फारतर चमचाभर उकडलेला भोपळा. मग पाकिटातलं खाणं हळूहळू मिसळू, नुसत्या कोंबडीवर कायमचं भागत न्हाई. आणि एक ध्यानात ठेवा. वजन तीन किलो शंभर हाय. ह्याच्या खाली गेलं तर आणून दाखवायचं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हर बिघडतं, मग माझ्या हातात काय राहत न्हाई."

येताना रिक्षात मामंजींनी टोपली मांडीवर घेतली होती. रंकाळ्याच्या वळणावर ते म्हणाले, "श्रावणात कोंबडी." मला वाटलं, ते श्रावणाबद्दल बोलताहेत. तसं नव्हतं.

मांजर आत्तींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. पाण्याच्या मीटरच्या पेटीमागे कुणीतरी टाकलेलं पिल्लू त्यांनी उचलून आणलं आणि वाटीत भाकरी कुस्करून, दुधात भिजवून वाढवलं. आत्तींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. घरात अंडंसुद्धा शिजायचं नाही. आम्हाला मटण खावंसं वाटलं तर पाठीमागे पत्र्याखाली वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, आणि आंघोळ करून मगच घरात. मामंजींना माळ नव्हती, पण बायकोनं घातली त्या दिवसापासून त्यांनीही तांबडा-पांढरा रस्सा सोडला. आमच्या गावात एवढं प्रेम दुसऱ्या कुठल्या मार्गानं दाखवता येत असेल असं मला वाटत नाही.

मांजराचा आत्तींना भारी अभिमान. शेजारीण म्हणायची, "मांजराला मासोळी तरी घाला, काकू, काय जीव त्याचा." आत्ती म्हणायच्या, "माळकरणीचं मांजर बी माळकरीच असतंय. वास जरी आला तरी तोंड फिरवतंय बघ." फिरवायचं की नाही हे कुणी तपासलं नाही. गल्लीत मात्र त्याचं नाव झालं. माणसं त्याला हात जोडायची, गमतीनं.

गेल्या फाल्गुनात आत्ती गेल्या. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. खाण्यापिण्याचा कागद भिंतीवर चिकटवला होता: पाणी मोजून, मीठ नाही, केळं नाही, दूध नाही. बाकी सगळं त्यांनी सोसलं. दुधाचं सोसलं नाही. रोज दुपारी विचारायच्या, "आज तरी वाईच दूध-भाकरी दे की गं." मी मामंजींकडे बघायची आणि मामंजी मान हलवायचे. एका दुपारी मी बाहेर धुणं वाळत घालत असताना त्यांनी स्वतःच उठून, भिंतीला धरत धरत, वाटीत भाकरी कुस्करली होती. मी आत आले तेव्हा मामंजी त्यांच्या हातातून वाटी काढून घेत होते. जोरानं नाही. हळूच, एकेक बोट सोडवत. "डॉक्टरनं न्हाई म्हटलंय," ते म्हणाले. वाटी गेली तरी आत्तींची बोटं तशीच वाटीच्या आकारात राहिली होती. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवले. कावळे होते, समोरच्या झाडावर, कट्ट्यावर, अगदी पाच-सहा हातांवर. पण शिवेनात. मग जी रीत आहे ती सुरू झाली. एकेकानं पुढं होऊन जोरात सांगायचं. माझा नवरा म्हणाला, आई, बाबांना सांभाळतो. नणंद म्हणाली, आई, मी वर्षातनं चार वेळा येऊन जाईन. मी म्हणाले, आत्ती, तुमची तुळस वाळू देत नाही. मामंजी म्हणाले, "तुझं मांजर संभाळतो." कावळे बघत राहिले. ऊन वर चढलं. भटजींनी घड्याळ बघितलं, त्यांना पलीकडे दुसरं दहावं होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

नणंद रडत म्हणाली, "काहीतरी ऱ्हायलंय तिचं." काय राहिलंय हे घाटावरच्या आम्हा तिघाचौघांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी मामंजींनी वाटीत दूध-भाकरी कालवून मागच्या पायरीवर ठेवली. मांजर आलं. सगळं खाल्लं, वाटी चाटून पुसून स्वच्छ केली, तोंड धुतलं आणि पायरीवरच झोपलं. मामंजी दारात उभे राहून बघत होते. मला ते इतकंच म्हणाले, "खाल्लं."

मी त्यावेळी त्याचा विचार केला नाही. माझं काम वेगळ्या जातीचं आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत मी हिशेब बघते. भट्टीत लोखंड किती गेलं, सुटे भाग किती निघाले, भट्टीवरची मळी किती, वाया गेलेला तुकडा किती. आत गेलेलं बाहेर कुठंतरी सापडलंच पाहिजे. नाही सापडलं तर काटा खोटा किंवा माणूस. वर्षानुवर्षं हेच करत असल्यामुळे मला घरातही तीच सवय आहे, आणि मांजराचं पथ्य हे तर माझ्या हातात दिलेलं आयतं काम होतं.

मंगळवारी कंपनीच्या बसमधून उतरताना कोंबडी आणली. पत्र्याखालच्या शेगडीवर, जुन्या मटणाच्या पातेल्यात उकडली, तंतू सोडवले, चाळीस-चाळीस ग्रॅमच्या पुड्या केल्या. सकाळी मी निघण्यापूर्वी एक, दुपारच्या दोन मामंजींकडे, रात्रीची माझ्याकडे. मामंजींनी पुड्यांचा डबा दोन बोटांनी उचलला आणि फ्रिजच्या तळाशी, देवघराकडे पाठ येईल असा ठेवला.

पहिल्यांदा मांजरानं कोंबडी खाल्ली तेव्हा मी बघत होते. तोंड फिरवलं नाही. आधी वास घेतला, मग डोळे अर्धे मिटून खाल्लं. मामंजी तिथून उठून गेले.

आठवड्याभरात फरक पडायला हवा होता. पडला नाही. रोज सकाळी ओकारी. आणि ती एकाच ठिकाणी: आत्तींच्या खाटेखाली, डोक्याकडच्या बाजूला. खाट अजून तिथेच होती, गादी गुंडाळून ठेवलेली. मी वाकून फरशी पुसायची आणि माझ्या लक्षात यायचं की हीच फरशी, याच बाजूनं, असंच आत हात घालून, मी फाल्गुनात पुसत होते. तेव्हाही ओकारी सकाळीच व्हायची. गुडघ्याला फरशीचा जो गारठा लागायचा तोसुद्धा ओळखीचा. एकदा तर मी पुसता पुसता, सवयीनं, "झालं, झालं, आता पडा" असं म्हणाले. मांजर खाटेच्या पायाशी बसून माझ्याकडे बघत होतं. मी पटकन उठले. बादली उलटली.

मी भुताखेताला मानत नाही. पण त्या दिवसांत मी त्या खोलीत जाताना आधी दिवा लावायची आणि मग आत जायची, भर सकाळी.

मग मी मोजलं. एका सकाळी ओकारी वर्तमानपत्राच्या कागदावर घेतली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. नवरा दाढी करत होता.

"काय करालीस?"

"वजन."

"किलोला भाव काय लावलाईस?"

"गप बसा. रात्री चाळीस ग्रॅम घातलं. हे साठ आहे."

"मग फायद्यात हाईस की." तो हसला, पण पुढे येऊन बघितल्यावर हसायचा थांबला. "पांढरं काय ते?"

दही झालेलं दूध होतं. आणि त्यात न विरघळलेला, भुरा, जोंधळ्याच्या भाकरीचा चुरा.

"बाबांना विचारू नकोस," नवरा म्हणाला. एवढंच म्हणून आंघोळीला गेला. त्याला माहीत होतं की नव्हतं हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

मी विचारलं नाही. एका शुक्रवारी कारखान्यातून लवकर निघाले. घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. पुढचं दार नुसतं लोटलेलं, घरात दिवा नाही. चप्पल काढताना मला मागच्या बाजूनं आवाज आला. हळू, कुजबुजल्यासारखा: "खा. सावकाश खा. कुणी न्यायला आलं न्हाई तुझ्या तोंडातलं."

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याचं कारण सांगते. हे शब्द आत्तींचे होते. सात वर्षं रोज संध्याकाळी त्या मांजरापुढे वाटी ठेवून हेच, याच चालीत म्हणायच्या. अंधारात मला क्षणभर ठरवता येईना की आवाज बाईचा आहे की पुरुषाचा. मी भिंतीला धरून उभी राहिले. मग वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज आला आणि मी पुढं गेले.

मामंजी पायरीवर बसले होते. पुढ्यात वाटी, वाटीत मांजराचं तोंड. पलीकडे गल्लीतलं तांबडं कुत्रं जिभल्या चाटत बसलेलं, आणि त्याच्यासमोर माझ्या पुडीचा रिकामा कागद.

"कोंबडी कुत्र्याला घालता व्हय रोज?" मी म्हणाले.

मामंजी दचकले नाहीत. "दुपारच्या दोन्ही. त्यालाच घालतो."

"आणि ह्याला दूध."

"तिचा घास हाय तो."

"कुणाचा?"

ते माझ्याकडे बघत राहिले, जसं काही मी मुद्दाम विचारतेय. "घाटावर कावळा शिवला न्हाई. तू हुतीस. गवताचा करून शिववला. गवताला काय कळतंय? त्या दिवशी संध्याकाळी हिनं खाल्लं. सगळं खाल्लं. काय ऱ्हायलंवतं ते हिच्या तोंडानं मागून घेती ती. आणि तू तिच्या तोंडात कोंबडी घालतीयास. गळ्यात माळ घातलेल्या बाईच्या."

"मामंजी, हे मांजर आहे."

"मला दिसतंय की मांजर हाय."

"मरंल ते. डॉक्टर म्हणालेत."

"डॉक्टर." ते उठले. पायरीवरून उठताना त्यांना हात लागतो; मी पुढं केला, त्यांनी धरला नाही. "डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी तिच्या हातनं वाटी काढून घेतली. पथ्य पाळलं. काय मिळालं? चार दिवस जास्त जगली न्हाई. आता पुन्यांदा कुणी न्हाई म्हणाय सांगितलं तर मी म्हणणार न्हाई. तू म्हण जा तिला. तुझ्या हातानं काढ वाटी."

मांजर वाटी चाटत होतं. मी वाकले. वाटीला हात लावला. आणि मला ते जमलं नाही. ज्या हातानं मी कारखान्यात दोन टन मालाची गाडी गेटवर थांबवते, त्या हाताला एका स्टीलच्या वाटीची कड धरून मागं ओढता आली नाही, कारण मला मांजर दिसत नव्हतं, बोटं दिसत होती. मी आत येऊन दिवा लावला आणि कुकर चढवला. मामंजी जेवले.

सोमवारी मांजर उठेना. खाटेखाली कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. हाक मारली तर कान हलायचा, बाकी काही नाही. मी आत हात घालून ओढलं तेव्हा ते इतकं हलकं लागलं की मी नुसती टोपली उचलली असं वाटलं. नवरा म्हणाला, मी नेतो. मामंजी म्हणाले, न्हाई, मी येतो. आणि टोपी घातली.

काट्यावर दोन किलो पाचशे. डॉक्टरांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तंबूसारखी तशीच उभी राहिली.

"पाणी संपलंय अंगातलं. पथ्य पाळलंय का?"

मी मामंजींकडे बघितलं.

"दूध कोण घालालंय?"

"मी," मामंजी म्हणाले.

"का पण, आजोबा? मी एवढं सांगितलंवतं."

मामंजींनी तोंड उघडलं. मला वाटलं सगळं सांगतील: घाट, कावळा, माळ. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "सवय," ते म्हणाले.

डॉक्टर चिडले नाहीत. तरुण आहेत, त्यांचे वडील हुपरीकडे गुरांचे डॉक्टर होते म्हणे. सलाईनची सुई लावता लावता म्हणाले, "आजोबा, ह्याला धरा. मागचे पाय. ढिलं न्हाई आणि आवळून बी न्हाई. असंच दूध चालू राहिलं तर आठवडाभर काढंल. बंद केलं तर म्हातारं होऊन मरंल. मला मधलं काय ठाऊक न्हाई."

मामंजींनी पाय धरले. सलाईन संपेपर्यंत धरले. दुसऱ्या दिवशीही तेच गेले, तिसऱ्या दिवशीही. मी कामावर असायची. नवरा सांगायचा की बाबा टेबलाशी उभे राहतात, खुर्ची दिली तरी बसत नाहीत, आणि मांजराच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलतात. काय बोलतात ते त्याला ऐकू येत नव्हतं. किंवा आलं असेल.

दूध थांबलं. मामंजींनी स्वतःहून थांबवलं. मात्र कोंबडीला ते हात लावेनात. दुपारच्या पुड्या आता शेजारीण घालायला यायची. त्या वेळेला मामंजी घराबाहेर जायचे. रंकाळ्यावर, नाहीतर गंगावेशीत दूध कट्ट्यावर, म्हशीच्या धारा काढून विकतात तिथं, नुसते उभे. संध्याकाळी आले की पायरीकडे बघायचे, बघायचं नाही असं ठरवून. आणि त्यांचं जेवण उतरलं. अर्धी भाकरी, मग पाव. मी म्हणाले, "मामंजी, असं कसं चालंल?"

"तिचं ताट बंद झालं. माझं बी राहूद्यात जरा."

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. आता घरात मोजायला दोन ताटं होती: एक मांजराचं, एक मामंजींचं. मांजराचं वजन चढत होतं, शंभर ग्रॅम, मग पन्नास. आणि मामंजींच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल होत होती. मला रात्री जेवताना वाटायचं की पाटावर बसलेली माणसं तीन असली तरी कुणीतरी चौथं हात आखडून बसलंय, वाढायची वाट बघत. मी एकदा चुकून ताट जास्त घेतलं. नवऱ्यानं ते परत मांडणीत नेऊन ठेवलं.

भाद्रपदातला एक सोमवार. मी घरी होते. पाऊस उघडला होता, मागे कपडे वाळत घालत होते. मामंजी खुर्ची टाकून उन्हाला बसलेले, डोळे मिटून. मांजर पाण्याच्या टाकीजवळ होतं. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच एवढं लांब गेलं होतं. अंग जमिनीला टेकवून, शेपटीचं टोक तेवढं हलत. मी चिमटा तोंडात धरून बघत राहिले.

उडी घेतली ती मला दिसलीच नाही. चूं असा एक आवाज आला. मग मांजर टाकीमागून आलं, तोंडात उंदीर. मोठा, ओल्या अंगाचा, पाय अजून झाडत होता. ते सरळ चालत आलं आणि मागच्या पायरीवर, वाटी ठेवायची तिथं, बसलं. आणि डोक्यापासून खायला लागलं.

आवाज येत होता. हाड फुटल्याचा, कुर्रम कुर्रम. मामंजींचे डोळे उघडले होते. मला वाटलं हाकलावं, झाडू आणावा, काहीतरी करावं. पण ते अशा रीतीनं बघत होते की मधे जाणं बरोबर दिसलं नसतं. मांजरानं मान तिरकी करून दाढेखाली घेतलं, ओढलं, गिळलं. मिशांना रक्त. शेवटी नुसती शेपटी राहिली, तीही आत गेली. मग ते तोंड धुवायला लागलं.

मामंजी म्हणाले, "ती उंदराला भ्यायची."

"आत्ती?"

"उंदीर दिसला की खाटंवर चढून बसायची. घर डोक्यावर घ्यायची. मला शिव्या घालायची, काय बसलाईसा, मारा की म्हणून. मारला तर रडायची परत. जीव हुता म्हणायची."

मांजर पाय पसरून उन्हात आडवं झालं. पोट टम्म.

"ही ती न्हवं," मामंजी म्हणाले.

मला वाटलं, सुटलो. खरंच तसं वाटलं, एखादा न जुळणारा आकडा जुळावा तसं. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. घाटावर ते रडले नव्हते. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही.

"मग ती कुठाय गं, पोरी?"

मी हातातलं ओलं लुगडं तसंच धरून उभी राहिले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला आणि खांदे हलत राहिले, आवाज नाही. मी खुर्चीच्या शेजारी खाली बसले, फरशीवर, ओल्या कपड्यांसकट. मांजर झोपलं होतं.

उंदीर ओकून निघेल म्हणून मी रात्री खाटेखाली कागद अंथरला. सकाळी कागद कोरडा होता. दुसऱ्या दिवशीही. डॉक्टरांना फोन केला तर हसायला लागले. "उंदीर काय मी लिहून दिला न्हवता. पण जिरला न्हवं? झालं तर. जंताचं औषध तेवढं घेऊन जावा." 

मामंजी त्या रात्री एक भाकरी जेवले. आणखी अर्धी मागून घेतली.

पायरी मात्र रिकामी राहिली. दूध थांबल्यापासून ती रिकामीच होती, पण तोवर निदान कुणाचीतरी वाट बघतेय असं वाटायचं. दिवेलागणीला मी मागचं दार लावायला गेले की हात कडीवर थांबायचा. इतके दिवस मी मनात म्हणत आले होते की हे खूळ संपलं पाहिजे. संपलं, आणि आत्ती फाल्गुनात नाही, आत्ता गेल्या असं मला वाटायला लागलं. खाटेखाली आता पुसायला काही नसायचं. तरी मी सकाळी वाकून बघायची.

पुढच्या शनिवारी कंपनीच्या बसमधून उतरले तर थांब्यावर मामंजी उभे. टोपी, काठी, हातात कापडी पिशवी. मी घाबरले. "काय झालं? मांजर?"

"काय न्हाई. चल, कुठनं आणतीस ते दाखव."

कोंबडीचं दुकान थांब्यासमोरच आहे. त्याच्यावरून जाताना ते नेहमी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जातात, हे गल्लीत सगळ्यांना माहीत. पायरी चढताना त्यांनी नाकाला टॉवेल लावला आणि मग स्वतःच काढला. दुकानदार सुरी पुसत होता. बघतच राहिला.

"आजोबा? वाट चुकलासा जणू!"

"न्हाई चुकलो. पाव किलो दे. बिनहाडाचं."

"तुम्ही खाणार?"

"मांजराला."

"आयला, त्या माळकरी मांजराला? ते खातंय व्हय आता?"

मामंजी लाकडी ठोकळ्याकडे बघत होते. दुकानदारानं मांस काट्यावर टाकलं, काटा थरथरला आणि थांबला. माझी नजर सवयीनं आकड्यावर गेली. दोनशे पंचावन्न होतं. मी ते तसंच राहू दिलं.

"माळकरी ती हुती," मामंजी म्हणाले. "हे मांजर हाय."

दुकानदारानं पिशवी बांधून पुढं केली. मी पर्स उघडत होते, त्यांनी हातानंच थांबवलं. सदऱ्याच्या आतल्या खिशातून पेन्शनचे पैसे काढले, अंगठा ओला करून एक नोट सुटी केली आणि शंभर रुपये कोंबडीवाल्याला दिले. पाच परत आले.